क्लासिक गाडीचा इन्शुरन्स घेताना काय बघायचं
जुनी क्लासिक गाडी असेल तर नेहमीची पॉलिसी डोळे झाकून घेऊ नका, कारण तिच्यात वर्षागणिक घसारा कापतात आणि आपली गाडी तर उलट महाग होत चाललेली असू शकते. पहिला प्रश्न हाच विचारायचा, अ‍ॅग्रीड व्हॅल्यू मिळते का? म्हणजे गाडी पूर्ण गेली तर किती देणार तो आकडा आधीच लेखी ठरतो. स्टेटेड व्हॅल्यू, म्हणजे आपण स्वतः सांगितलेली किंमत, ऐकायला सेमच वाटतं, पण त्यात बऱ्याचदा बाजारभाव कमी निघाला तर तेवढेच देतात, इथेच लोक फसतात. फोटो, व्हॅल्युएशन रिपोर्ट, रिस्टोरेशनची बिलं जपून ठेवा. किलोमीटरची लिमिट, बंद गॅरेजची अट बघा, रोज कामाला नेणार असाल तर क्लेम अडकू शकतो. आणि हो, गाडी खोलून ठेवलेली असताना सुटे पार्ट कव्हर होतात का तेही विचारा.