नाशिकहून ब्रिटनला शिकायला येणाऱ्यांसाठी: आहाराविषयी थोडे

नाशिकहून लेस्टरला शिकायला येणारी मुले बॅगेत चिवडा, काळा मसाला आणि लोणचे भरून आणतात आणि जेवणाची सोय झाली असे समजतात. तेवढ्याने चवीची सोय होते, यात शंका नाही; पण लेक्चर, अर्धवेळ नोकरी आणि सामायिक स्वयंपाकघरातली गर्दी यांत आधी वरण सुटते, मग भाजी सुटते आणि ब्रेड, नूडल्स व बटाटा एवढेच ताटात उरते. घरी हा मेळ दुसरे कोणीतरी घालत असल्यामुळे त्यामागचा हिशेब आपल्याला ठाऊकच नसतो.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते ड जीवनसत्त्व. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे, तर लेस्टर 52 अंशांच्याही वर. त्यामुळे ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत बाहेर लख्ख ऊन दिसले, तरी त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. या काळात रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी घेण्याचा विचार सर्वांनी करावा, आणि दक्षिण आशियाई वंशाच्या, सावळ्या त्वचेच्या लोकांनी तो वर्षभर करावा, असा इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला आहे. ही गोळी सुपरमार्केटात चिठ्ठीशिवाय मिळते. कॅनडात गाईच्या दुधात हे जीवनसत्त्व मिसळणे बंधनकारक आहे, इथे तसे नाही. म्हणून केवळ दुधावर विसंबू नये.

तूरडाळ, बाजरीचे पीठ आणि मेथी लेस्टरमधल्या बेलग्रेव्ह रोडवर मिळतात, त्यामुळे त्यांचे ओझे आणण्याची गरज नाही. बॅगेत जागा उरलीच, तर कॅल्शियमने समृद्ध असलेले नागलीचे पीठ आणावे. पेढे आणि तूप मात्र आणू नये, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ सोबत आणण्यास इथे मनाई आहे. गोठवलेला पालक स्वस्त असतो आणि पोषणातही फारसा उणा नसतो. पालक-डाळीवर लिंबू पिळावे आणि चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा, म्हणजे त्यातले लोह शरीरात अधिक शोषले जाते. (चहाबद्दलचा हा सल्ला कोणी ऐकत नाही, तरी मी देत राहतो.)

शाकाहारी विद्यार्थ्यांना आपल्याकडचा हिरवा ठिपका इथे सहसा दिसणार नाही. काही दह्यांत आणि बऱ्याच गोळ्या-मिठायांत प्राण्यांपासून बनवलेले जिलेटिन असते, म्हणून वेष्टनावरील घटक वाचावेत. दूध-दही सोडून ओटचे दूध घेणार असाल, तर त्यात बी12 मिसळले आहे का, तेही तिथेच पाहावे.

निघण्यापूर्वी नाशिकमध्येच हिमोग्लोबिन, बी12 आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून अहवाल सोबत आणावा, कारण इथे डॉक्टरांना गरज वाटल्याशिवाय अशा तपासण्या सहसा होत नाहीत.