साठ जणींचं पन्हं गार ठेवणारं पिंप

चैत्रगौरीचं हळदीकुंकू आमच्याकडे, इंदूरच्या रामबागेत, संध्याकाळी पाच ते नऊ चालतं. एप्रिलचं ऊन चाळिशीला टेकलेलं आणि साठ जणींचं 12 लिटर पन्हं फ्रिजमध्ये मावत नाही. लादीचा बर्फ थेट पन्ह्यात टाकायला माझा ठाम नकार आहे. तो पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. शिवाय उशिरा येणारीच्या वाट्याला नुसतं आंबूस पाणी उरतं. म्हणून बर्फ डब्यात, आणि डबा पन्ह्यात.

25 लिटरचं स्टीलचं पिंप घरात होतंच. बर्तन बाजारात त्याला तळापासून दोन बोटं वर भोक पाडून स्टीलची तोटी बसवून घेतली. पितळी अजिबात नको, पन्हं कळकतं. रबरी वायसर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे हवेत. आदल्या रात्री पाणी भरून खाली वर्तमानपत्र घाला, गळती असेल तर सकाळी कागद सांगतो.

आत 8 लिटरचा उंच, घट्ट झाकणाचा डबा. पहिल्या वर्षी तो तरंगला, कलंडला आणि वितळलेलं पाणी पन्ह्यात गेलं. सगळं ओतून द्यावं लागलं, जीव हळहळला. तेव्हापासून तळाशी धुतलेला वरवंटा ठेवते, वर 4 किलो बर्फाचे तुकडे आणि फटींत फ्रिजमधलं पाणी. डबा आता हलत नाही. त्याचं झाकण पन्ह्याच्या चार बोटं वर राहिलं पाहिजे.

चारच किलो का? एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता ओढतो. 12 लिटर पन्हं 28 अंशांवरून 10 वर आणायला 216 लागतात, म्हणजे पावणेतीन किलो बर्फ. उरलेला बाहेरच्या उन्हाळ्याशी झुंजतो.

त्यासाठी पिंपाभोवती इंचभर जाड थर्माकोलच्या पट्ट्या सुतळीने आवळा, वरून कोरडं गोणपाट. पिंपाखालीही थर्माकोल, झाकणावर जुनी दुलई. तोटी आणि थर्माकोल मिळून मला साडेतीनशे रुपये पडले.

बर्फ तीनलाच भरा. गार पन्हं जड, ते तळाशी उतरतं आणि तोटी तिथेच आहे. पण गरही तळाशी बसतो, म्हणून अधूनमधून लांब दांड्याच्या डावाने ढवळा.

तोटी त्याच रात्री उघडून गरम पाण्याने धुवा. कैरीचा गर आत वाळला की सकाळी काडीनेही निघत नाही.