बुडालेल्याला आधी श्वास द्या: जहाज अपघातातला बचाव आणि प्रथमोपचार

बुडताना हृदय बंद पडतं ते शेवटी. त्याआधी श्वास थांबलेला असतो आणि रक्तातला ऑक्सिजन संपलेला असतो. त्यामुळे नुसती छाती दाबत राहिलात तर ऑक्सिजन नसलेलं रक्तच फिरत राहतं. बुडालेल्याला श्वास आधी द्यायचा.

माणूस डेकवर किंवा बचाव बोटीत आला की त्याला कडक जागेवर उताणं झोपवा. हाक मारा, खांदे हलवा. कपाळ मागे झुकवून हनुवटी उचला आणि १० सेकंदांत श्वास चालू आहे का ते पाहा. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. श्वास नसेल तर नाक चिमटीत धरून, तोंडावर तोंड घट्ट लावून ५ श्वास द्या. प्रत्येक श्वास साधारण १ सेकंदाचा, छाती वर उचललेली दिसेल एवढाच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होते. तान्ह्या बाळाचं डोकं मागे न झुकवता सरळ ठेवा आणि त्याचं नाक व तोंड दोन्ही एकदम आपल्या तोंडात घ्या.

तरीही प्रतिसाद नसेल तर ३० वेळा छाती दाबा आणि २ श्वास द्या. हेच चक्र चालू ठेवा. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जायला हवी, वेग मिनिटाला १०० ते १२०. दाबणारा दर २ मिनिटांनी बदला, कारण दमलेल्या हातांचा दाब उथळ होतो आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर छाती पुसून कोरडी करा, मगच पॅड चिकटवा. पण एईडी येईपर्यंत श्वास देणं थांबवू नका.

तोंडातून फेस येत राहतो. तो पुसत बसू नका, श्वास देत राहा. उलटी झाली तर पूर्ण शरीर कुशीवर वळवून तोंड साफ करा आणि पुन्हा सुरू करा. पोट दाबून पाणी काढणं, उलटं टांगणं हे कटाक्षाने टाळा. फुप्फुसात गेलेलं पाणी सहसा थोडंच असतं. पोट दाबल्यावर बाहेर येतं ते पोटातलं, आणि तेच श्वासनलिकेत उतरतं.

पाणी थंड असेल तर आणखी एक धोका असतो. पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात धापा लागतात, नाकातोंडात पाणी जातं. पुढच्या साधारण १० मिनिटांत हातपाय निकामी होऊ लागतात. म्हणून लाइफ जॅकेट पाण्यात पडण्याआधीच घालायचं. बराच वेळ पाण्यात असलेल्याला शक्यतो आडवंच वर उचला. उभं ओढलं की पायांवरचा पाण्याचा दाब सुटतो, रक्तदाब कोसळतो आणि वाचवलेला माणूस तिथेच जाऊ शकतो. ओले कपडे काढा, ब्लँकेटने गुंडाळा, ऊब छातीला आणि पोटाला द्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. गारठलेल्याची नाडी व श्वास फार मंद असतात. तपासायला १ मिनिटापर्यंत वेळ घ्या आणि थंड पडला म्हणून मेला असं ठरवू नका.

२०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया ही प्रवासी बोट कलंडली तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांचा संकटात एकत्र जमण्याचा सराव झालेला नव्हता. २०१५ पासून जागतिक नियमानुसार हा सराव निघण्याआधी किंवा निघताच घ्यावा लागतो. तो चुकवू नका. जॅकेट कुठे आहे आणि डेकवर जाणारे दोन रस्ते कोणते, हे आधीच पाहून ठेवा. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब सूर म्हणजे जमण्याचा इशारा. हवेवर फुगणारं जॅकेट केबिनमध्ये फुगवू नका. आत पाणी भरलं तर ते तुम्हाला छताला चिकटवून ठेवेल. मुलांच्या जॅकेटचा पायांमधला पट्टा बांधलाच पाहिजे, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून निघून जातं. उडी अगदी नाइलाजाने, शक्य तितक्या खालून, खाली कुणी नाही हे पाहून: पाय जुळवून, एका हाताने नाक बंद, दुसऱ्याने जॅकेट खाली दाबून. पाण्यात पोहू नका. गुडघे पोटाशी घ्या, इतर असतील तर एकमेकांना चिकटून राहा.

शुद्धीवर आलेल्याला खोकला, धाप किंवा गुंगी असेल तर मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन मास्कने द्या आणि रुग्णालयात न्या. गार बोटांवर ऑक्सिमीटरचा आकडा चुकू शकतो. काहीच त्रास नसला तरी काही तास नजरेखाली ठेवा. फुप्फुसांची सूज उशिरा जाणवू शकते. प्रतिजैविकं सरसकट लागत नाहीत. डॉक्टरांना चार गोष्टी लिहून द्या: पाण्याखाली अंदाजे किती वेळ, श्वास कधी सुरू झाला, उलटी झाली का, आणि उंचावरून उडी मारली होती का. शेवटचं उत्तर हो असेल तर मानेची दुखापत तपासावी लागते.