कालवांची धार लागली तर: सूज कशी ओळखावी

ओहोटीला कातळावरची कालवं काढताना शिंपल्याची धार हाताला लागतेच. आधी वाहत्या गोड्या पाण्याने आणि साबणाने जखम ५ मिनिटं धुवा. शिंपल्याचा कपचा आत राहिला तर सूज हटत नाही. हळद-चुना भरू नका. घाण आतच राहते आणि रंगामुळे लालीही दिसत नाही.

आत काय होतं? कातडीखालच्या मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या रक्षक) पेशींवर टीएलआर-४ हे प्रथिन असतं. खाऱ्या पाण्यातल्या व्हिब्रिओसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड (मेद आणि साखरेचा जोडरेणू) ते ओळखतं. मायडी-८८ हे प्रथिन निरोप पुढे नेतं, एनएफ-कप्पाबी हे जनुकं चालू करणारं प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-८ ही सूज आणणारी निरोपी प्रथिनं बनू लागतात. तसंच सूज आणणारं इंटरल्युकिन-१ बीटा मात्र आधी निष्क्रिय रूपात तयार होतं; कॅस्पेस-१ या एन्झाइमने कापल्यावरच ते कामाला लागतं. उगाच भडका उडू नये म्हणून ही दुहेरी कडी! टीएनएफमुळे रक्तवाहिन्या झिरपू लागतात, म्हणून फुगवटा. इंटरल्युकिन-८ च्या मागावर न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात.

तेव्हा थोडी सूज येणारच. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारा, दर दोन तासांनी बघा. लाली रेघेबाहेर गेली, काळपट फोड आले, ताप चढला किंवा जखमेच्या मानाने दुखणं फारच असेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांनी रेघेची वाट बघूच नये. धनुर्वाताच्या इंजेक्शनला ५ वर्षं उलटली असतील तर तेही विचारा.