स्टार्टअपचे ऑफर लेटर हाती आले की त्यातले ईसॉप कसे तपासावेत

बेंगळुरूच्या कोरमंगलातील किंवा पुण्याच्या बाणेरमधील एखाद्या स्टार्टअपचे ऑफर लेटर येते, तेव्हा नजर पहिल्यांदा सीटीसीच्या, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षभरात करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्यावर जाते. त्या आकड्यात ईसॉपची, म्हणजे कर्मचाऱ्याला दिलेल्या समभाग-खरेदीच्या हक्काची, किंमत मिळवलेली असेल, तर ती आधी वजा करावी. उरलेल्या रकमेतून कंपनीच्या आणि आपल्याही वाट्याचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस बाजूला काढावा, करही वजा करावा आणि दरमहा बँकेत प्रत्यक्ष किती जमा होणार ते लिहून ठेवावे. घरभाडे आणि कर्जाचा हप्ता या रकमेतून भागत नसेल, तर ईसॉप कितीही आकर्षक दिसले तरी तो देकार आपल्याला परवडणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ईसॉपबद्दल कार्यालयांतून दोन टोकांची मते ऐकू येतात. एक गट त्याला निव्वळ कागद म्हणतो, तर दुसरा त्याच्या भरवशावर फ्लॅटचे बेत आखतो. प्रत्यक्षात कंपनीचे समभाग पुढे कधीतरी, आज ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा तो हक्क असतो (एक समभाग घेण्याच्या अशा हक्काला ऑप्शन म्हणतात) आणि त्याचे मोल सर्वस्वी अटींवर अवलंबून असते. त्यामुळे मत बनवण्याआधी अटी मागून घ्याव्यात.

पहिला प्रश्न टक्केवारीचा विचारावा. ‘तुम्हाला ४,००० ऑप्शन मिळतील’ या वाक्यातून काहीच कळत नाही. कंपनीचे सर्व समभाग आणि दिले जाऊ शकणारे सर्व ऑप्शन मिळून एकूण संख्या १ कोटी असेल, तर आपला वाटा ०.०४ टक्के होतो, आणि तीच संख्या १० लाख असेल, तर ०.४ टक्के. ही एकूण संख्या सांगायला जी कंपनी तयार नसते, तिच्या ऑप्शनला निर्णय घेताना शून्य किंमत धरावी.

दुसरा प्रश्न तारखेचा. साधारणपणे ऑप्शन चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होतात, म्हणजे वापरता येऊ लागतात, आणि पहिल्या वर्षात काहीच हाती येत नाही. कंपनी कायद्याखालील २०१४ च्या नियमांनुसार ऑप्शन प्रदान करणे आणि ते हक्काचे होणे यांत किमान एक वर्षाचे अंतर असावेच लागते. मात्र हे वर्ष प्रदान केल्याच्या तारखेपासून मोजले जाते, नोकरीवर रुजू झाल्याच्या तारखेपासून नव्हे. ‘संचालक मंडळाच्या मंजुरीनंतर दिले जातील’ एवढेच ऑफर लेटरमध्ये असेल आणि मंजुरी सात-आठ महिने रखडली, तर तेवढे महिने आपल्या हातून जातात. म्हणून प्रदानपत्र कधी मिळेल, हे तारखेसह लिहून घ्यावे.

कराचा भाग सर्वांत जास्त लक्ष देऊन वाचावा, कारण बहुतेकांचा हिशोब इथेच चुकतो. ऑप्शन वापरून समभाग घेतले की त्या दिवशीचे बाजारमूल्य आणि आपण मोजलेली किंमत यांतला फरक पगाराचे उत्पन्न मानला जातो, मग ते समभाग विकता येवोत वा न येवोत. समजा, ४,००० ऑप्शन प्रत्येकी १० रुपयांना वापरले आणि मूल्यांकनानुसार समभागाचे मूल्य ५१० रुपये आहे. समभागांसाठी ४०,००० रुपये मोजावे लागतील, पण करपात्र उत्पन्नात २० लाख रुपयांची भर पडेल आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याला उपकरासह सुमारे ६ लाख २४ हजार रुपये कर भरावा लागेल. एवढे करूनही हाती राहतो तो नोंदणीकृत नसलेल्या, म्हणजे शेअर बाजारात विकता न येणाऱ्या कंपनीचा समभाग. पुढे विक्री झाली की त्यानंतरच्या वाढीवर भांडवली नफ्याचा कर वेगळा.

२०२० च्या अर्थसंकल्पाने यावर थोडा दिलासा दिला. आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या पात्र स्टार्टअपमध्ये हा कर साधारण पाच वर्षे, किंवा समभाग विकेपर्यंत, किंवा नोकरी सोडेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर पुढे ढकलता येतो. मात्र सरकारी मान्यता असलेल्या स्टार्टअपपैकी फार थोड्यांकडेच हे प्रमाणपत्र असते. त्यामुळे ‘आमचा स्टार्टअप मान्यताप्राप्त आहे’ या उत्तरावर थांबू नये, प्रमाणपत्राबद्दल वेगळे विचारावे.

मग नोकरी सोडण्याची अट पाहावी. राजीनामा दिला की हक्काचे न झालेले ऑप्शन रद्द होतात. हक्काचे झालेले ऑप्शन वापरण्यासाठी किती मुदत मिळते, ते योजनेत लिहिलेले असते. ही मुदत तीस किंवा नव्वद दिवसांची असेल, तर वरचा सगळा कर नेमका पगार थांबण्याच्या सुमारास उभा करावा लागतो आणि अनेक जण नाइलाजाने वर्षानुवर्षांच्या कष्टाचे ऑप्शन सोडून देतात. हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. काही कंपन्या ही मुदत कित्येक वर्षांची ठेवतात. दोन देकारांत निवड करायची झाल्यास मी ऑप्शनच्या संख्येपेक्षा या अटीला अधिक वजन देईन. कर्मचाऱ्याचा नोकरीत असताना मृत्यू झाल्यास तोवर प्रदान झालेले सर्व ऑप्शन वारसांच्या किंवा नामनिर्देशित व्यक्तीच्या हक्काचे होतात, अशी तरतूद नियमांतच आहे, म्हणून नामनिर्देशन पहिल्याच आठवड्यात करून टाकावे.

कंपनी विकली गेली म्हणजे सर्वांना पैसे मिळतात, असेही नाही. गुंतवणूकदारांचे समभाग बहुधा प्राधान्याचे असतात, म्हणजे विक्रीच्या रकमेतून आधी त्यांचे पैसे फिटतात. तशा अटीवर १०० कोटी उभारलेली कंपनी ९० कोटींना विकली गेली, तर ती सगळी रक्कम त्यांच्याकडे जाऊ शकते आणि कर्मचाऱ्यांच्या वाट्याला काहीच उरत नाही. कंपनीचे वार्षिक हिशोब कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर अल्प शुल्क भरून पाहता येतात. तोटा किती आणि शिल्लक रोकड किती, एवढे तरी त्यांत पाहावे.

हे सर्व प्रश्न फोनवर न विचारता एका ईमेलमध्ये, क्रमांक घालून, भरती अधिकाऱ्याला पाठवावेत आणि सोबत ईसॉप योजनेची प्रत मागावी. योजना गोपनीय असल्याचे उत्तर आले, तर ऑप्शनऐवजी निश्चित पगारात वाढ मागायला संकोच करू नये. सध्याच्या नोकरीचा राजीनामा मात्र लेखी उत्तरे हाती आल्यानंतरच द्यावा, कारण नव्वद दिवसांचा नोटीस काळ एकदा सुरू झाला की घासाघीस करण्याची आपली ताकद झपाट्याने कमी होत जाते.