मारबत: गल्लीतल्या फोटोपासून भिंतीवरच्या फ्रेमपर्यंत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात सकाळी मारबत, म्हणजे बांबू-कागदाचा मोठा स्त्रीरूपी पुतळा, मिरवणुकीनं निघते आणि दिवस कलता कलता मुलांचा तान्हा पोळा भरतो. एका दिवसात कॅमेऱ्याचं कार्ड भरून जाईल एवढं सापडतं, आणि बहुतेकांचं काम तिथंच थांबतं. इथं त्यापुढचंही सांगायचं आहे: ते फोटो नागपुरातल्याच भिंतीवर, नागपूरकरांसमोर नीट कसे लावायचे. हे प्रदर्शन पाहायला येणारे बरेच जण लहानपणापासून त्या गर्दीत उभे राहिलेले असतात. कोणती मारबत, कोणता चौक, कोणत्या वर्षीचा बडग्या (मारबतीसोबत निघणारा पुरुष-पुतळा) हे त्यांना सांगावं लागत नाही, आणि चुकलं तर ते लगेच ओळखतात. तेव्हा कॅमेरा उचलण्यापासून खिळा ठोकण्यापर्यंत सगळं त्या डोळ्यांना पटलं पाहिजे.

आधीचे दिवस

काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. पिवळी मारबत जागनाथ बुधवारी भागात तऱ्हाणे तेली समाज तयार करतो. बांबूचा सांगाडा, त्यावर कागद आणि कापड, मग रंग, अशी ती उभी राहते. मिरवणुकीइतकेच महत्त्वाचे फोटो या बांधणीचे असतात, कारण ते कमी लोक काढतात. आधी कॅमेरा पिशवीतच ठेवून जावं, बसावं, बोलावं. "काकाजी, बांधणीचे फोटो काढले तर चालेल का?" असं सरळ विचारावं. फ्लॅश वापरू नये. आत उजेड कमी असतो, त्यामुळे लेन्सचं छिद्र एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२०० इथून सुरुवात करावी. काम करणाऱ्या हातांसाठी शटर याहून खाली नेलं की बोटं हलतात आणि फोटो वाया जातो.

दोन्ही मारबतींची भेट इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ होते. तिथं ऐनवेळी जागा मिळत नाही. दोन-तीन दिवस आधी मिरवणुकीच्याच वेळी त्या रस्त्यानं फिरावं, ऊन कोणत्या बाजूनं येतं ते पाहावं आणि एखाद्या घराची पहिल्या मजल्यावरची गॅलरी मागून ठेवावी. दुसऱ्या मजल्यावरून फक्त डोकी दिसतात. पहिल्या मजल्यावरून मारबतीचा चेहरा जवळपास डोळ्यांच्या रेषेत येतो. ज्यांनी गॅलरी दिली त्यांच्या घरी नंतर एक प्रिंट पोचवायची, हे तेव्हाच ठरवून टाकावं.

मिरवणुकीत

पोळा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत केव्हाही येतो. या काळात नागपुरात दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य ७० अंशांहून वर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर असतो. कपाळ उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख राहतो. चेहऱ्यांचे फोटो लवकर उरकावेत. दुपारी ढग नसतील तर लोकांना एखाद्या ओट्याच्या किंवा ताडपत्रीच्या सावलीत गाठावं.

गल्ल्या अरुंद असल्यानं २४ ते ३५ मिलिमीटरची लेन्स सगळ्यात उपयोगी. मात्र २४ वर फ्रेमच्या कडेला आलेला चेहरा ताणला जातो, म्हणून माणसं मधल्या दोन-तृतीयांश भागात ठेवावीत. चालत्या मिरवणुकीसाठी १/५००, एफ/५.६ ते एफ/८, आयएसओ ऑटो आणि त्याची वरची मर्यादा ३२००. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" अशी आरोळी उठते, हात वर जातात, तेव्हा शटर १/३० वर आणून कॅमेरा मारबतीसोबत सरकवला तर पुतळा स्थिर आणि गर्दी वाहती दिसते. असे दहा काढले तर एखादाच साधतो, पण तो सगळ्या संचाला जीव देतो.

उघडीप, म्हणजे एक्स्पोजर, इथं हमखास चुकतं. दोन्ही मारबतींना वेगळी वागणूक लागते. काळी मारबत फ्रेमभर आली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो काळ्याचा राखाडी करून टाकतो. तिथं एक्स्पोजर उणे २/३ ते उणे १ स्टॉप करावं. पिवळीचं दुखणं बारीक आहे. उन्हात तिच्या पिवळ्या रंगातल्या लालाचा आलेख आधी फाटतो, म्हणजे तपशील जळतो, आणि साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र सगळं ठीक असल्याचं दाखवत राहतो. कॅमेऱ्यात लाल, हिरवा, निळा असे वेगळे आलेख लावावेत. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला की उणे १/३, तरी चिकटला तर उणे २/३. नाहीतर कागदाच्या घड्या, रंगाच्या कुंचल्याच्या रेघा, गालावरची उठावदार गोलाई हे सगळं एका सपाट पिवळ्या डागात विरघळतं. ज्यांनी अनेक दिवस खपून तो गाल घडवला, त्यांच्यासमोर तो डाग टांगायचा नसतो. फोटो रॉ मध्येच (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढावेत.

बडग्यांच्या बाबतीत पाटी वाचता आली पाहिजे. बडग्या त्या त्या वर्षाचा राग घेऊन निघतो: महागाई, भ्रष्टाचार, रोगराई, कुठला तरी निर्णय. पाटी समोरून, एफ/८ वर एकदा स्वच्छ टिपून घ्यावी, मग हवे तेवढे कलात्मक कोन करावेत. पाच वर्षांनी तोच स्वच्छ फोटो दस्तऐवज ठरतो.

पावसासाठी जाड प्लास्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि दोन रबर बँड एवढं पुरतं. लेन्स गर्दीत बदलू नये. गुलाल सेन्सरवर बसला तर फुंकणीनं उडवावा, फडक्यानं पुसला तर ओरखडे पडतात. एसीच्या खोलीतून थेट दमट हवेत आणलेल्या लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा रात्री बॅग एसी नसलेल्या खोलीत ठेवावी. घरी आल्यावर कॅमेरा कोरडा करून सिलिका जेलच्या डब्यात टाकावा. आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की लेन्समध्ये बुरशी धरते. ४० ते ५० टक्के राखली की पुरे.

तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन आलेली पोरं असतात. आईवडिलांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत आणि प्रदर्शनात तर मुळीच लावू नयेत. फोटो गुडघ्यावर बसून, बैलाच्या उंचीवरून काढावा. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत बैलाची पाठ आणि पोराचं टाळू दिसतं, त्यांचा एकमेकांवरचा जीव दिसत नाही.

निवड

पंधरा दिवस फोटोंना हात लावू नये. मग सगळे चार बाय सहाचे स्वस्त प्रिंट काढून जमिनीवर पसरावेत. संगणकावर एकेक फोटो चांगलाच वाटतो, जमिनीवर तेच तेच फोटो उघडे पडतात. चोवीसपर्यंत खाली यावं. शेवटच्या फेरीत ते प्रिंट इतवारी-महाल भागातल्या दोन-तीन जाणत्या माणसांना दाखवावेत आणि गप्प बसून ऐकावं. ते कुठं थांबतात, काय शोधतात, कशावर "हे इथलं नाही" म्हणतात, ते टिपून ठेवावं. हा टप्पा गाळलेली प्रदर्शनं लगेच ओळखू येतात: रंग भरपूर, गाव नाही.

प्रिंट आणि फ्रेम

बारा बाय अठरा इंच हे माप बरं, कारण कॅमेऱ्याचं २:३ प्रमाण जसंच्या तसं बसतं. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबानं अठरा इंचांना ५४०० लागतात, म्हणजे तो पुरून उरतो. पण कापून ३००० पिक्सेल उरले असतील तर इंचाला १६६ च पडतात आणि जवळून पाहताना फोटो कच्चा दिसतो. तो फोटो लहान करावा किंवा सोडून द्यावा.

पूर्ण प्रिंटांआधी चाचणीच्या पट्ट्या काढाव्यात: काळ्या मारबतीची एक, पिवळीची एक, गुलालाची एक, प्रत्येकी चार बाय बारा इंच. त्या दालनाच्या दिव्याखाली नेऊन पाहाव्यात. प्रिंट काळपट येणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि तिचं कारण बहुधा मॉनिटरचा उजेड पूर्ण ठेवलेला असतो. कागद मॅट घ्यावा, चकचकीत कागदावर समोरची खिडकी दिसते.

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. माउंट बोर्ड (प्रिंटभोवतीचा जाड पुठ्ठा) आम्लरहित, दोन मिलिमीटर जाड हवा, म्हणजे प्रिंट काचेला चिकटणार नाही. त्यातली खिडकी पावणेबारा बाय पावणेअठरा इंच कापायची, म्हणजे चारी बाजूंनी इंचाचा आठवा भाग झाकला जातो. आणि प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी आम्लरहित कागदी पट्टीनं लटकवायची, खाली मोकळी. पावसाळ्यात कागद फुगतो. चारी बाजूंनी डकवला तर त्याला जागा मिळत नाही आणि मधोमध लाटा उठतात. सेलोटेप तर लागताच कामा नये, तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. काचेऐवजी ॲक्रिलिक घेतलं तर ते अमोनियाच्या द्रावणानं पुसू नये, धुरकट होतं. मऊ ओलसर फडकं पुरतं.

दालन आणि भिंत

सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि चिटणवीस सेंटर आहे, लोकमत चौकात जवाहरलाल दर्डा आर्ट गॅलरी आहे. जिथं फोटो काढले त्या भागातलं एखादं समाजभवन किंवा वाचनालय मिळालं तर तेही मनापासून पाहावं, कारण फोटोतली माणसं तिथं चपला काढून सहज आत येतात. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्सकडे मोर्चे आणि बंदोबस्त असतो, त्या तारखा टाळाव्यात. मे महिन्याचा विचारच करू नये.

जागा घेण्याआधी भिंत मोजावी. बारा बाय अठराच्या प्रिंटला तीन इंच माउंट (खाली साडेतीन) आणि फ्रेमची पाऊण इंची पट्टी धरली तर आडवी फ्रेम साधारण २६ बाय २० इंच होते. अशा चोवीस आणि मध्ये आठ-आठ इंच जागा, म्हणजे ८०८ इंच, सुमारे ६७ फूट. दारं, कोपरे, स्विचबोर्ड धरून ७५ ते ८० फूट सलग भिंत हवी. कमी असेल तर चार फोटो काढून टाकावेत, दाटी करू नये. खिळे ठोकायला परवानगी आहे का, की वरून सळई आहे, हेही तेव्हाच विचारावं.

टांगताना फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर यावा. खिळ्याची उंची काढायची ती अशी: ५८ अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग, वजा ताणलेली तार वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकी. वीस इंची फ्रेम आणि तीन इंच तार, म्हणजे ५८ + १० − ३ = ६५ इंच. भिंतीवर ६५ वर सूत धरून पेन्सिलीनं खुणा कराव्यात आणि प्रत्येक फ्रेमवर पाणसळ ठेवून पाहावी. जुन्या वाड्यांची जमीन उतरती असते, तिथं जमिनीपासून मोजत न जाता एकच आडवी रेघ धरावी. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर मागून फेल्टच्या टिकल्या लावाव्यात, म्हणजे भिंतीची ओल फ्रेमला लागत नाही.

दिवे छतातून उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात सोडावेत. सरळ समोरून सोडले की काचेत पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो. रंग खरे दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे एलईडी घ्यावेत, एरवी पिवळी मारबत हिरवट दिसते.

ओळी

प्रत्येक फोटोखाली मराठीत तीन गोष्टी: काय, कुठं, कोणत्या वर्षी. बडग्या असेल तर पाटीवर कशाबद्दल लिहिलं होतं त्याची एक ओळ. अक्षर २० ते २४ पॉइंट, पांढऱ्यावर काळं, कारण वयस्क माणसं वाकून वाचू शकत नाहीत. नोंद आणि आख्यायिका वेगळी ठेवावी. काळी मारबत नागपूरच्या भोसले घराण्यातल्या बाकाबाई भोसले यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या निषेधातून सुरू झाली असं सांगितलं जातं. ओळीतही "असं सांगितलं जातं" हे शब्द राहू द्यावेत. "अंधश्रद्धा", "अनोखी प्रथा" असले शब्द लिहू नयेत, ते बाहेरून पाहणाऱ्याचे शब्द आहेत.

उद्‌घाटन संध्याकाळी साडेसहानंतर ठेवावं, म्हणजे दुकानं आवरून लोक येऊ शकतात. ज्यांचे चेहरे भिंतीवर आहेत त्यांना आदल्या दिवशी घरी जाऊन बोलवावं आणि त्यांच्या फोटोची चार बाय सहाची प्रत सोबत न्यावी. कुणाला आपला फोटो नको वाटला तर तो त्याच वेळी उतरवावा, कारण विचारू नये. भिंतीवर जागा रिकामी राहिली तरी चालेल.

उतरवताना फ्रेमा उभ्या ठेवाव्यात, काचेला काच आणि पाठीला पाठ, मध्ये पुठ्ठा. रद्दीची शाई काचेला लागते, ती वापरू नये. प्रत्येक फ्रेमच्या मागे मऊ पेन्सिलीनं क्रमांक, चौक, वर्ष लिहून ठेवावं.