दिल्ली–काबूल फेरीचं नियोजन: डिस्पॅचरसाठी कामाच्या गोष्टी

डिस्पॅचर म्हणजे फेरीचं इंधन, वजन आणि मार्ग ठरवणारा माणूस. काम एअर ही २००३ साली सुरू झालेली, काबूल–दिल्ली फेऱ्या करणारी अफगाणिस्तानातली खासगी विमान कंपनी. दिल्ली ते काबूल हे अंतर सरळ रेषेत सुमारे १,००० किलोमीटर, मुंबई–दिल्लीपेक्षाही कमी. पण मुंबई–दिल्लीला इंधन, सुटे भाग, मार्गावर लक्ष ठेवणारा कंट्रोलर हे सगळं बाहेरून मिळतं. काबूलच्या फेरीत यातलं शक्य तेवढं विमानातूनच न्यावं लागतं, आणि नेलेल्या प्रत्येक किलोची किंमत मोजावी लागते.

म्हणून आधी इंधन, तेही परतीपासून उलटं मोजत. काबूलला ते वेळेवर आणि खात्रीच्या दर्जाचं मिळेल असं गृहीत धरू नका. बोइंग ७३७-३०० साठी ताशी सरासरी २,४०० किलो धरू. परतीचे दोन तास म्हणजे ४,८०० किलो. त्यावर ५ टक्के कंटिन्जन्सी, म्हणजे अनपेक्षित गरजेसाठी जादा, २४०. दिल्ली बंद असेल तर जयपूर गाठायला १,५००. फायनल रिझर्व्ह, म्हणजे १,५०० फुटांवर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं, १,१००. टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं, आणि काबूलला उभं असताना एपीयू (विमानाला वीज आणि हवा देणारं शेपटातलं छोटं इंजिन), २००. बेरीज ७,८४० किलो. काबूलला उतरताना एवढं टाक्यांत हवं.

आता रिकामं विमान ३२,८०० आणि सामानासह ९५ किलोप्रमाणे १२० प्रवासी ११,४०० धरा. इंधन मिळवून उतरतानाचं वजन ५२,०४० किलो होतं. या विमानाची लँडिंग वेटची नेहमीची मर्यादा ५१,७१० आहे, म्हणजे ३३० किलो जास्त. अशा वेळी माल किंवा चार प्रवासी कमी करा, रिझर्व्हला हात लावू नका. वरचे आकडे पद्धत कळावी म्हणून आहेत. खरं गणित तुमच्या विमानाच्या वजनपत्रावरून करा. सामान सरासरीने न धरता प्रत्यक्ष काट्यावर घ्या, कारण या मार्गावर बॅगा जड असतात आणि चूक नेमकी तिथेच होते.

या ओझ्याचा मोठा फायदा असा की काबूलला उतरता आलं नाही, तर तेच इंधन अमृतसरला न्यायला पुरतं. ते सुमारे ६०० किलोमीटरवर आहे. हा निर्णय डोंगराआधी, पेशावरच्या आसपास घ्यायचा. काबूलचं ताजं हवामान तिथे हातात नसेल किंवा मर्यादेखाली असेल, तर पुढे जाऊन बघू असं म्हणू नका. ३ फेब्रुवारी २००५ ला हेरातहून आलेलं काम एअरचं ७३७-२०० बर्फाच्या वादळात काबूलच्या पूर्वेच्या डोंगरावर आदळलं आणि त्यातले १०४ च्या १०४ जण गेले. त्याच बाजूला सफेद कोह रांगेतलं सिकाराम शिखर ४,७५५ मीटर आहे. केबिनचा दाब गेला तर प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण १२ मिनिटं पुरतो. त्या वेळात कुठे वळून खाली यायचं, ते मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी आधीच नकाशावर काढून ठेवा.

पाकिस्तानचं आकाश बंद झालं, तर इराण आणि अरबी समुद्रावरून अंतर तिपटीवर जातं. मग हे सगळं गणित रद्द. नवा प्लॅन करा किंवा फेरी रद्द करा.

ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल एफआयआरमधलं, म्हणजे काबूलच्या अखत्यारीतल्या हवाई हद्दीतलं, मार्गावरचं नियंत्रण थांबलं आणि वैमानिकांवर टीबाची, म्हणजे आपली माहिती आपणच रेडिओवर सांगत जाण्याची वेळ आली. फ्रिक्वेन्सी त्या दिवशीच्या नोटॅममधून, म्हणजे वैमानिकांसाठी निघणाऱ्या अधिकृत सूचनेतून घ्या. हद्दीत शिरण्याआधी १० मिनिटं ऐकायला सुरुवात करा आणि पहिली घोषणाही तेव्हाच द्या. पुढे प्रत्येक रिपोर्टिंग पॉइंटच्या (मार्गावर आपली जागा कळवायच्या ठरलेल्या ठिकाणाच्या) १० मिनिटं आधी, पॉइंट लांब असतील तर दर २० मिनिटांनी, आणि उंची बदलण्याच्या २ ते ५ मिनिटं आधी व बदलताना बोला. घोटाळा होतो तो दोघेही वैमानिक दुसऱ्याच रेडिओवर गुंतल्यामुळे. एक सेट फक्त यासाठी राखून ठेवा.

काबूलचा विमानतळ १,७९१ मीटर उंचीवर आहे. ३३ अंश तापमानात हवा सुमारे ९,४०० फुटांवर असावी इतकी विरळ होते. वाऱ्याचा हिशेब सोडला, तर एअरस्पीड इंडिकेटरवर १४० नॉट दिसताना विमान जमिनीवर १६० नॉटच्या वर धावत असतं. ब्रेक तापतात, टायरची वेगमर्यादा जवळ येते, आणि इंजिन बिघडल्यावर चढता येईल असं वजन घटतं. उन्हाळ्यात सकाळचीच वेळ मागा आणि ब्रेक थंड व्हायला लागणारा वेळ टर्नअराउंडमध्ये, म्हणजे उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या वेळात धरा.

सोबत एक मेन आणि एक नोज व्हील, जॅक, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल आणि सही करू शकेल असा इंजिनिअर न्या. मेल (एमईएल, म्हणजे कोणतं उपकरण बंद असतानाही विमान उडवता येतं याची यादी) परवानगी देत असली तरी एपीयू बंद असलेलं विमान या फेरीवर पाठवू नका.

वॉर-रिस्क विमा साधारणपणे ७ दिवसांच्या नोटिशीवर बदलू शकतो. प्रत्येक फेरीआधी तो लागू असल्याचं लेखी घ्या.

शेवटी लँडिंग गिअर. सप्टेंबर २०२५ मध्ये १३ वर्षांचा एक अफगाण मुलगा काम एअरच्या विमानाच्या चाकांच्या कप्प्यात लपून काबूलहून दिल्लीला पोहोचला. तो वाचला, त्या थंडीत आणि विरळ हवेत असे बहुतेक जण वाचत नाहीत. काबूलला वॉकअराउंडनंतरही, म्हणजे उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून केलेल्या तपासणीनंतरही, माणूस आत शिरू शकतो. त्यामुळे दारं बंद झाल्यावर टॉर्चने दोन्ही कप्पे पुन्हा तपासा आणि विमान हलेपर्यंत तिथे आपला माणूस उभा ठेवा.